जनावराचा डॉक्टर कसा पारखावा?



या व्याख्यानमालेत संत, शास्त्र आणि साहित्य यांवर बोलणारी विद्वान मंडळी येतात. मी हमालांची संघटना बांधणारा माणूस. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून वाचलेल्या पुस्तकांत जास्त झाले. तेव्हा चालकांनी विषय विचारला, त्या वेळी मी म्हणालो, मी जनावरांच्या डॉक्टरांवर बोलेन. ते हसले. आपणही हसलात. परंतु या मुरुडात असे घर थोडेच असेल, की ज्याच्या दारात म्हैस, शेळी, कुत्रे किंवा चुलीपाशी मांजर नाही. आपण चपलेचा जोड चार दुकाने फिरून घेतो, आणि मुक्या जिवाच्या अंगात सुई टोचायला मात्र वाटेने जाणाऱ्या कोणालाही हाक मारतो. हे मी स्वतः केलेले आहे, म्हणून बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. एक गृहस्थ पिशवी घेऊन गल्लीत आले. ‘पिसाळण्याची लस देतो, दवाखान्यात कशाला जाता?’ म्हणाले. उन्हाळ्याचे दिवस, कापडी पिशवी, तीत बर्फ नाही. मी पैसे दिले, त्यांनी सुई दिली, काम झाले. पुढे दोन महिन्यांनी मोत्या शेजारच्या सात वर्षांच्या पोराला चावला. पोटरीत दात रुतले. आम्ही पोराला घेऊन दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी विचारले, ‘कुत्र्याला लस दिली आहे का?’

मी म्हणालो, ‘दिली आहे.’

‘कोणती? कधी? कागद दाखवा.’

कागद नव्हता. लस देणाऱ्याचे पूर्ण नावही मला ठाऊक नव्हते. पोराची आजी तिथेच उभी होती. ती म्हणाली, ‘अण्णा, तुमीच मीटिंगीत सांगता ना, पावतीबिगर पैसा द्यायचा न्हाई म्हणून?’

बंधूंनो, आयुष्यात मी पुष्कळ व्यापाऱ्यांना निरुत्तर केले असेल. त्या म्हातारीने मला एका वाक्यात निरुत्तर केले. 1969 साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला, त्याचा जीव नोंदणीत आहे. ज्याची नोंद नाही, त्याचा हक्क नाही, हे मी सभांतून ओरडून सांगत आलो. आणि माझ्याच दारच्या कुत्र्याची नोंद माझ्यापाशी नव्हती.

पोराची जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली. त्याच दिवशी त्याला लस सुरू झाली. मोत्याला मी दहा दिवस दावणीला बांधून ठेवले. चावलेले कुत्रे किंवा मांजर दहा दिवस धडधाकट राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत ते विष नव्हते असे वैद्यकशास्त्र मानते. मात्र उपचारासाठी हे दहा दिवस थांबायचे नसते. कारण हा रोग एकदा अंगात दिसू लागला, की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. ते दहा दिवस रोज सकाळी पोराची आई आमच्या दाराशी येऊन मोत्याने भाकरी खाल्ली का ते पाहून जाई. ती माझ्याशी एक शब्द बोलत नसे. दहाव्या दिवशीही मोत्या भाकरी खात होता. पोर आज कॉलेजात आहे. पण ती दहा सकाळींची शांतता मी विसरलेलो नाही.

मग मी या विषयाच्या मागे लागलो, विचारपूस केली, वाचले. जगातली पशुवैद्यकाची पहिली शाळा फ्रान्समध्ये लियाँ येथे 1761 साली निघाली. गुरांच्या साथींनी, विशेषतः बुळकांडीने, युरोपचे गोठे ओस पाडले होते, त्यातून ती निघाली. आपल्याकडे मुंबईला परळमध्ये 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या जनावरांच्या इस्पितळाला लोक ‘बैलघोडा’ म्हणूनच ओळखतात. ज्या बुळकांडीने आपल्या आजोबांच्या दावणी रिकाम्या केल्या, ती 2011 साली साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. हे नवसाने झाले नाही. लस, नोंद आणि शिकलेली माणसे यांनी ते केले.

आता निवड कशी करावी? आपल्यापुढे साधारण चार दारे आहेत. पहिले सरकारी दवाखान्याचे. तिथे खर्च थोडा, आणि लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी गावोगाव दिल्या जातात त्या याच खात्याकडून. परंतु एका डॉक्टरामागे अनेक गावे असतात, आणि दवाखान्याची घडण गाय-म्हशींसाठी आहे. दुसरे दार खाजगी पदवीधर डॉक्टराचे. ते रात्री अडलेल्या म्हशीसाठी उठून येतील, खर्च अधिक. तिसरे, पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक. ही कामाची माणसे आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. पण कायद्याने त्यांचे काम नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालचे आहे. चौथे दार उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे. लातूर ओलांडून जावे लागते, पण हाड मोडले, मोठी शस्त्रक्रिया आली, तर जिथे शिकवतात तिथे जावे. अडल्या वेळी फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा फोनचा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

यांतले कोणते दार चांगले, असे मला विचारू नका. दारावरची पाटी पाहू नका; आतला माणूस पाहा. त्याला काही प्रश्न विचारा, आणि विचारताना लाजू नका.

पहिला प्रश्न, आपली नोंदणी आहे का? 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पदवीधर डॉक्टराची नोंदणी ठरलेली आहे. खऱ्या डॉक्टराला या प्रश्नाचा राग येत नाही. दुसरा, लस कुठून काढली? पिसाळण्याची लस 2 ते 8 अंशांच्या गारव्यात राहिली पाहिजे. माझ्या दारी आलेल्या पिशवीत काय होते ते देव जाणे. लस असलीच तर उन्हात मेलेली असावी. तिसरा, औषधाचे नाव काय, ते लिहून द्या. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला दिली तर मांजर दगावते. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडे मरतात; म्हणून जनावरांसाठी ते औषध 2006 साली बंद झाले. आपल्या लहानपणी हाडकीवर उतरणारे ते पक्षी कुठे गेले, त्याचे उत्तर एका बाटलीत आहे. आणि चौथा, या औषधानंतर दूध किती दिवस विकू नये? जो डॉक्टर हे आपण होऊन सांगतो, त्याला सोडू नका. तो तुमच्या म्हशीबरोबर दुसऱ्याच्या लेकराचाही विचार करतो.

आणखी एक गोष्ट पाहावी. जनावराला हात लावण्यापूर्वी तो ते उभे कसे राहते, रवंथ करते का, काल काय खाल्ले, हे विचारतो का? पाहण्याआधीच सुई भरणारा माणूस रोग ओळखत नाही, फक्त गिऱ्हाईक ओळखतो.

पण अध्यक्षमहाराज, मी कामगारांचा माणूस आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. आपण डॉक्टराला बोलावतो केव्हा? अंगारा झाला, डाग दिला, शेजाऱ्याचा काढा पाजला, आणि म्हैस आडवी पडली की मग. मग तिने प्राण सोडला की दोष त्याला. त्याची मजुरी उधारीवर ठेवतो. हमालाची मजुरी बुडवणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. डॉक्टराची बुडवणाऱ्याला काय म्हणावे? रात्री दोन वाजता चिखलात उभा राहून खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवणारा माणूस हाही कष्टकरीच आहे. आपल्या देवणीची आणि लाल कंधारीची कीर्ती दूरवर गेली, तिच्यामागे जसे शेतकऱ्याचे कष्ट आहेत तसे या माणसांचेही आहेत.

म्हणून माझे मागणे लहान आहे. घरी जाल तेव्हा एक वही करा. तिच्यात जनावराचे नाव, लसीची तारीख, औषध आणि देणाऱ्याचे नाव लिहा. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला पिसाळण्याची लस द्या, आणि पुढची तारीख डॉक्टराकडूनच वहीत लिहून घ्या. मोत्या आता नाही; म्हातारा होऊन गेला. त्याची वही मात्र मी ठेवली आहे. तिचे पहिले पान ती दहा दिवसांची कैद संपली त्या संध्याकाळी लिहिलेले आहे. आपल्यापैकी कोणाच्या वहीचे पहिले पान तसे लिहिले जाऊ नये, एवढ्यासाठी मी आज इथे उभा राहिलो.