आधी पाणी शोधा, मग रंग लावा

पावसाळा सरला की मुंबईत आणि कोकणात घरोघर एकच उद्योग सुरू होतो. भिंतीवरचे काळे ठिपके खरवडायचे, पुट्टी भरायची आणि वर रंगाचे दोन हात द्यायचे. पुढच्या श्रावणात ठिपके त्याच कोपऱ्यात हजर! बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, त्यांना घराबाहेर ठेवणं कुणालाच जमायचं नाही. पण ओल मिळाल्याशिवाय ते रुजत नाहीत. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की बुरा धरतो. मग वरचा थर काढून नवा दादरा बांधला, तरी तोच चमचा रोज आत जात असेल तर काय उपयोग? भिंतीचंही तसंच आहे. रंग हा नुसता दादरा. ओला चमचा कुठून जातो, ते आधी शोधा.

ते बहुतेकदा डागच सांगतो. छताच्या कोपऱ्यात डाग असेल तर गच्ची किंवा वरचं न्हाणीघर बघा. खिडकीखाली असेल तर चौकटीची फट. जमिनीलगत पट्टा असेल तर जोत्यातून चढणारी ओल. कपाटामागे बुरशी आली असेल तर कपाट चार बोटं पुढे ओढा, हवा खेळू द्या. शेजारच्या खोलीत एसी चालत असेल, तर त्या गार भिंतीच्या अलीकडच्या अंगाला दमट हवेतलं पाणी धरतं.

कुणी म्हणेल, बुरशीरोधक रंग मिळतो की! मिळतो, पण ओल्या गिलाव्यावर त्याचेही पोपडे निघतात. कुणी म्हणेल, बाहेरच दमट, मग खिडकी उघडून काय होणार? खरं आहे, पण स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ आणि खोलीत वाळणारे कपडे त्यात भर घालतात. ती वाफ तिथल्या तिथे एक्झॉस्ट पंख्याने बाहेर काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही अमुक इतकी बुरशी चालेल असा आकडा नाही. ओल टिकू देऊ नका, यावरच भर आहे. पुन्हा सांगते, ओला चमचा थांबवा.

गच्चीचा उतार, पावसाच्या पाइपांचे सांधे यांविषयी बोलायचं होतं, पण वेळ संपत आली. निदान एवढं करा: पाऊस चालू असताना, डाग ओला असतानाच गवंड्याला बोलावून दाखवा. ऊन पडल्यावर पाण्याची वाट त्यालाही सापडणं अवघड.