पौषातील हवापालट
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, व्यवसाय, विवाहजुळणी, विद्यार्थिसाहाय्य अशा भारदस्त विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झालेली आहेत. त्यांच्या पंक्तीस 'लहान मुलांसह हिवाळ्यातील हवापालट' हा आमचा विषय जरा किरकोळ दिसेल, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि कार्यकारी मंडळाने तो आम्हांस दिला आणि आम्ही तो आनंदाने स्वीकारला, याचे कारण असे की संसाराचा खरा हिशेब पुष्कळदा रजेच्या हिशेबात सापडतो.

आपल्या घरांतून वर्षाची रजा कोठे जाते ते पाहा. लग्नकार्ये, बारशी, गावची जत्रा, कुलदैवताचे दर्शन, आणि त्यांतून चार दिवस उरलेच तर ते आजारपण नेते. यांपैकी एकही गोष्ट टाळण्याजोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणालो तर उद्या आमच्या घरच्या कार्याला कोण येईल? परंतु पंचांगकर्त्यांनी आपणांवर एक उपकार करून ठेविला आहे. पौष महिना विवाहास वर्ज्य मानला जातो. त्या महिन्यात पत्रिका येत नाहीत, आहेर घ्यावे लागत नाहीत, आणि 'तुम्ही आला नाहीत' असा रुसवाही कोणी धरीत नाही. हवा थंड व कोरडी असते आणि नाताळची गर्दी ओसरलेली असते. मोकळे आणि निवांत असे हे चार दिवस आपण वर्षानुवर्षे फुकट घालवीत आलो आहोत.

२०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या गुरुवारी, आम्ही सहकुटुंब माथेरानास गेलो आणि रविवारी परतलो. तीन रात्रींचा हा मुक्काम. कुटुंब म्हणजे आम्ही उभयता, सहा वर्षांची कन्या, तीन वर्षांचे चिरंजीव आणि ७१ वर्षांच्या आमच्या मातोश्री. आम्ही दोघेही डोंबिवलीहून रोज मुंबईस नोकरीकरिता जातो. मुले उठण्यापूर्वी एक जण बाहेर पडतो आणि मुले झोपावयास आली की दुसरा घरी पोहोचतो. मुलांचे जेवण, शाळेची बस, ताप, हट्ट, परवचा हे सर्व मातोश्रीच पाहतात. आम्ही केवळ रविवारचे आईबाप आहोत, असे आमची सौ. म्हणते, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. या सभेतील निम्म्या घरांत हीच व्यवस्था असेल.

अशा घरात सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न आजीचा असतो, आणि तो बहुधा आजीच परस्पर सोडवून टाकते. "मी घर राखते, तुम्ही जा. तुमच्यात माझं लटांबर कशाला?" असे मातोश्री म्हणाल्या. वडील निवर्तल्याला सहा वर्षे झाली होती आणि तेव्हापासून एकही रात्र त्यांनी घराबाहेर काढली नव्हती. गुडघे दुखतात, नळाला पाणी कोण भरणार, तुळशीला कोण पाणी घालणार, अशी कारणे तयारच होती. सौ. ने वाद घातला नाही. ती एवढेच म्हणाली, "आई, तुम्ही नसलात तर धाकटा झोपणार कोणाजवळ?" हे काही सौजन्याचे बोलणे नव्हे, केवळ वस्तुस्थिती होती, कारण चिरंजीव आजीच्या कुशीखेरीज झोपत नाहीत. मातोश्रींनी थोडा विचार केला व अट घातली. संक्रांत मंगळवारी, कामाच्या दिवशी आल्यामुळे धाकट्याचे बोरन्हाण राहिले होते. रथसप्तमीपर्यंत ते केव्हाही करता येते; तर ते तेथेच करावयाचे. त्यामुळे आमच्या सामानात कानटोप्या व स्वेटरांसोबत बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे, हलव्याचे दागिने आणि काळे झबले यांची एक स्वतंत्र पिशवी निघाली.

महाबळेश्वर सोडून माथेरान का, असे कित्येकांनी विचारले. जवळ आहे, हे एक कारण. परंतु मुख्य कारण निराळे. तेथे मोटारी जात नाहीत. दस्तुरी नाक्याशी वाहने थांबतात आणि पुढे घोडा, रिक्षा किंवा आपले पाय. शहरात वाढणाऱ्या मुलांचा हात रस्त्यावर आपण क्षणभरही सोडीत नाही. तो हात सोडता येईल असा रस्ता आम्हांस मुलांना दाखवावयाचा होता.

या गिरिस्थानाचा शोध १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी लावला, असे पुस्तकांतून सांगतात. ठाकूर, कातकरी आणि धनगर या डोंगरावर त्यापूर्वीही वावरत होते, त्यांना मात्र आपण काही शोधून काढले आहे याची कल्पना नसावी! नेरळहून वर जाणारी लहान रुळांची आगगाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभारली. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. रुळांतील अंतर अवघे दोन फूट आणि मार्ग सुमारे २१ किलोमीटरांचा. २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीने हा मार्ग वाहून गेला आणि २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा खचला व नेरळपासूनची गाडी २०२२ साली परत चालू झाली. डोंगराने तोडावे आणि माणसाने जोडावे, असा हा शंभर वर्षांहून जुना व्यवहार आहे.

गाडीला वर पोहोचावयास अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. मोटारीने दस्तुरीपर्यंत याच्या निम्म्याहून कमी वेळात जाता येते. पण लहान मुलांना वेळ वाचविण्याचे सुख कळत नाही, खिडकीचे कळते. वळणे अशी आहेत की शेवटच्या डब्यातून आपलेच इंजिन दिसते. जुम्मापट्टी येईपर्यंत कन्येने प्रत्येक वळणावर इंजिनास हात हलविला. चिरंजीवांना मात्र वळणे मानवली नाहीत आणि सकाळचे दूध त्यांनी आजीच्या शालीवर परत केले. मातोश्रींच्या बटव्यात आवळासुपारी होती, तिने निभावले. वाटेत एकच बोगदा लागतो. त्याचे इंग्रजी नाव या सभेत उच्चारणे प्रशस्त दिसणार नाही. तो ओलांडावयास जेवढा वेळ लागतो त्यावरून ते पडले, एवढे सांगितले म्हणजे तरुण मंडळींना पुरे.

आमचा उतारा एका जुन्या बंगल्यात होता. लांब ओसरी, भोवती जांभूळ व हिरड्याची झाडे आणि घरगुती जेवण. पहिल्या दिवशी मुले कंटाळली, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. भ्रमणध्वनीस धड संपर्क मिळत नव्हता आणि "आता काय करायचं?" हा प्रश्न कन्येने संध्याकाळपर्यंत अकरा वेळा विचारला. अशा वेळी आईबापांचा धीर सुटतो. ते घोडा ठरवितात, दुकाने दाखवितात, एका दिवसात दहा पॉइंट पाहून टाकतात. आम्ही काही केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना तांबड्या मातीचा शोध लागला आणि प्रश्न थांबला. काठीने उकरणे, पाणी ओतणे, चुली मांडणे यांत दुपार कशी गेली ते कळले नाही. जांभ्याच्या त्या मातीचा रंग कपड्यांवरून जात नाही, सौ. ने दोन झबल्यांचा आणि एका फ्रॉकचा नाद सोडून दिला. त्याच दुपारी बंगल्याच्या मालकीणबाईंनी झाडावरचे शेकरू दाखविले. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी कन्येने चित्रात पाहिला होता. परंतु त्याची शेपटी एवढी लांब असेल हे चित्राने सांगितले नव्हते.

बोरन्हाण शुक्रवारी संध्याकाळी ओसरीवर करावे, असा मातोश्रींचा बेत होता. मालकीणबाईंनी हात जोडले. "ओसरीवर नको आजी, माकडं एक बोर ठेवणार नाहीत." तेथील माकडांना पर्यटकांनीच खाऊ घालून धीट केले आहे, आणि ते त्यांच्याही हिताचे नाही व माणसांच्याही. तेव्हा आतल्या दालनात दारेखिडक्या लावून पाट मांडला. आता लुटावयास मुले पाहिजेत. शेजारपाजार तर डोंबिवलीस राहिला! मालकीणबाईंचा नातू आला, स्वयंपाकीणबाईंच्या दोन मुली आल्या, घोडेवाल्याचे दोन मुलगे दारात घुटमळत होते त्यांना कन्येने हाताला धरून आत आणले. कोणाचे आडनाव काय, घर कोणते, हे मातोश्रींनी कोणालाही विचारले नाही, आणि एरवी त्या विचारतात हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. डोक्यावरून बोरे, चुरमुरे व हलवा ओतला गेला, सहा मुलांनी जमिनीवर झेप घेतली, आणि खिडकीच्या काचेपलीकडे चार माकडे नाक लावून बसली होती. घोडेवाल्याच्या धाकट्याने मुठीतली बोरे आमच्या चिरंजीवांच्या ओंजळीत घातली. कारण पाटावर बसलेल्याला एकही मिळाले नव्हते, हे एकट्या त्याच्याच लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी मातोश्रींना पिसरनाथाचे दर्शन घ्यावयाचे होते. शार्लोट तलावाच्या काठी हे महादेवाचे स्थान आहे. चालणे त्यांना झेपण्याजोगे नव्हते, म्हणून हातरिक्षा बोलाविली. एक जण पुढून ओढणार आणि चढावर दुसरे मागून ढकलणार, अशी ती व्यवस्था. मातोश्री पुढे झाल्या आणि थांबल्या. "माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसायची नाही." रिक्षावाले पन्नाशीचे गृहस्थ होते. ते रागावले नाहीत, म्हणाले, "आजी, तुम्ही बसला नाहीत तर माझी आजची भाकरी कोण देणार?" या प्रश्नाला आम्हां सुशिक्षितांपाशी उत्तर नव्हते. तेवढ्यात कन्येने विचारले, "बाबा, हे काका घोड्याचं काम का करतात?" तिचा आवाज लहान नाही. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, "कारण घोडा विकत घ्यायला पैसे लागतात, बाळ."

शेवटी मातोश्रींनीच तोड काढली. पैसे पूर्ण ठरले तेवढे द्यावयाचे. सपाटीवर त्या बसतील आणि चढ आला की उतरून आमच्या हाताला धरून चालतील. अशा रीतीने ती वाट आम्ही दुप्पट वेळात पार केली. ही तोड न्याय्य होती की केवळ आमच्या मनाची समजूत, हे आम्ही आजही ठरवू शकलेलो नाही. त्यानंतर २०२५ च्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेस विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा व ओढणाऱ्यांना विजेवरील रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. वर्तमानपत्रातील ते वृत्त कन्येस वाचून दाखविले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न असा होता, की त्या काकांना नवी रिक्षा मिळाली का?

गावात हुतात्मा भाई कोतवालांचे स्मारक आहे. माथेरानात जन्मलेले हे वकील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीस बळी पडले. आझाद दस्त्याच्या हकिकती मातोश्रींनी लहानपणी ऐकलेल्या होत्या. विजेचे मनोरे पाडल्याचा भाग चिरंजीवांनी तीनदा सांगावयास लाविला.

एक गोष्ट मात्र आम्हांस परस्पर कळली. तलावाच्या काठी आम्ही उभयता धाकट्याच्या मागे धावत असता मातोश्री व कन्या कट्ट्यावर बसल्या होत्या. रात्री कन्येने सांगितले, "आजी आणि आजोबा इथे येणार होते. पण काकाआजोबांचं लग्न ठरलं ना, मग पैसे तिकडे गेले." १९७६ साली, विवाहानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, वडिलांनी माथेरानचा बेत केला होता. पुढे दरवर्षी काही ना काही निघत गेले. एकोणपन्नास वर्षांत ही गोष्ट मातोश्रींनी आमच्यापाशी कधी काढली नाही, वडिलांनीही काढली नाही. ती सहा वर्षांच्या नातीला सांगितली गेली, तीही त्या दुसऱ्या कोणाच्या लक्षात नसलेल्या घटकेत. आम्ही मातोश्रींना त्याबद्दल काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी बाजारातून सर्वांसाठी चपला घेतल्या. पाच जोड पुरे असता सहावा, पुरुषी मापाचा, त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि ठेवून दिला.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. नेरळच्या गाडीसाठी स्थानकावर लवकर पोहोचून रांगेत उभे राहावे, आणि शनिवार-रविवार सोडून जाता आले तर उत्तम. मुलांना दिवसाला एकच ठिकाण दाखवावे. मेतकूट, तूप आणि गूळपोळी जवळ असावी. खाऊच्या पिशव्या हातात उघड्या धरून बाजारातून हिंडू नये. कारण आपण अध्यक्ष आहोत की सभासद, हे माकडे पाहत नाहीत.

शेवटी कार्यकारी मंडळास एक सूचना करतो. आपली वार्षिक सहल मे महिन्यात, एका दिवसाची आणि दोन बसगाड्यांची असते. त्यात तान्ही मुले व वृद्ध सहसा येत नाहीत. मुलांना ऊन सोसत नाही आणि वृद्धांना घाई. यंदा ती पौषात, दोन मुक्कामांची ठेवावी, आणि नावे नोंदविताना आजी-आजोबांचा रकाना स्वतंत्र व पहिला असावा. ज्यांना खर्च जड जाईल त्यांचा भार सहलनिधीने उचलावा. त्याकरिता आमच्या कुटुंबातर्फे अल्पशी रक्कम आम्ही खजिनदारांकडे देत आहोत.