द्यायची की नाही?



मोबाइलवर रोगाचं निदान होतं म्हटलं की काही लोक हरखून जातात, काही नुसती मान हलवतात. आज मी दोघांपुढेही एकच उदाहरण ठेवणार आहे. ते कॅमेरूनमधलं, राजधानी याउंदेजवळच्या ओकोला भागातलं आहे.

या भागात दोन प्रकारचे जंत माणसाला छळतात. एक पसरतो वाहत्या नद्यांवर वाढणाऱ्या काळ्या माशीमुळे. त्याच्या अळ्या कातडीत आणि डोळ्यांत शिरतात आणि शेवटी दृष्टी जाते. त्यावर आयव्हरमेक्टिन हे चांगलं औषध आहे. मर्क कंपनी 1987 पासून ते या रोगासाठी मोफत देते. ज्या संशोधनातून ते निघालं, त्यासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं. दुसरा जंत लोआ लोआ. तो कधीकधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना चक्क दिसतो, पण एरवी कित्येकांना त्याचा फारसा त्रास नसतो. घोटाळा होतो तो दोन्ही जंत एका गावात असले की. ज्याच्या रक्तात मिलिलिटरमागे लोआच्या तीस हजारांहून जास्त अळ्या आहेत, त्याला आयव्हरमेक्टिन दिलं, तर त्या एकदम मरतात आणि मेंदूवर परिणाम होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. ओकोलात 1999 मध्ये सुमारे सहा हजार लोकांना गोळ्या दिल्या गेल्या. 23 जणांना गंभीर त्रास झाला आणि त्यांतले तिघे दगावले. वाटप थांबलं. औषध होतं, फुकट होतं, आणि तरी देता येत नव्हतं. वैद्यकशास्त्राची याहून मोठी कुचंबणा मला माहीत नाही.

बरं, रक्त तपासून जास्त अळ्यावाले वगळायचे, तर काचपट्टीवर थेंब घ्या, वाळवा, रंगवा, मग टेक्निशियनने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक अळी मोजायची. हजारो लोकांचं हे काम गावातल्या झाडाखाली बसून कसं व्हायचं?

कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात डॅनियल फ्लेचर यांच्या प्रयोगशाळेने यावर लोआस्कोप बनवला. त्यांचे सहकारी अमेरिका, फ्रान्स आणि कॅमेरूनचे. फोनच्या कॅमेऱ्यापुढे एक भिंग, आणि खाली प्रिंटरवर घडवलेली प्लॅस्टिकची छोटी पेटी, त्यात दिवे आणि नळी सरकवणारी मोटर. बोटाला टोचायचं, रक्त चपट्या काचेच्या नळीत ओढून घ्यायचं, नळी पेटीत सारायची आणि पडद्यावर बोट ठेवायचं. पुढचं फोन करतो. नळी थोडीथोडी सरकते, दर जागी काही सेकंदांचं चित्रण होतं. रंग लावायचा नाही, काही वाळवायचं नाही. धान्याच्या राशीत किडा वळवळला की आजूबाजूचे दाणे हलतात, तशा अळीच्या वळवळीने रक्तपेशी हलतात. फोन ती हालचाल मोजतो आणि दोनतीन मिनिटांत अळ्यांची संख्या सांगतो.

हे काम दिवसाच करावं लागतं, कारण लोआच्या अळ्या दिवसा रक्तात येतात. आपल्याकडे हत्तीरोगाचं नेमकं उलट आहे. त्या अळ्या रात्री वर येतात, म्हणून विदर्भातले आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार जाऊन रक्त घेतात. त्या माणसांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

ओकोलात 2015 मध्ये 16,259 लोकांची अशी तपासणी झाली. मर्यादा मुद्दाम खाली, वीस हजारांवर, ठेवली होती. तिच्यावर निघालेले 340 जण, म्हणजे शंभरात जेमतेम दोन, वगळले. गरोदर आणि आजारी लोकही वगळले आणि 15,522 जणांना गोळ्या दिल्या. एकालाही गंभीर त्रास झाला नाही. सोळा वर्षं अडलेलं वाटप एका फोनने मोकळं केलं.

हे का साधलं? फोनला एकच प्रश्न विचारला होता: या माणसाला आज ही गोळी द्यायची की नाही? उत्तर आलं की करायचं काय, हे आधीच ठरलेलं होतं. गोळी हाताशी होती. आणि गावात नेण्याआधी यंत्राची मोजणी सूक्ष्मदर्शकाच्या मोजणीशी ताडून पाहिली होती. याउलट कोविडच्या काळात कित्येकांनी कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी अॅप्स उतरवून घेतली. खरा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांतला फरक मोजतो. साध्या फोनच्या पांढऱ्या फ्लॅशला ते जमत नाही. आकडा मात्र पडद्यावर ठळक यायचा आणि घाबरलेलं घर त्यावर विसंबायचं. चुकीचा धीर हा रोगाइतकाच जीवघेणा असतो, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो.

आणखी एक अडचण. फोनचं मॉडेल दोनतीन वर्षांत बाजारातून जातं आणि त्याच्या मापाची पेटी निरुपयोगी होते. तपासणी अनेक वर्षं चालायची असेल, तर यंत्र बनवणाऱ्याने याचा विचार पहिल्या दिवशीच करायला हवा.

आपल्याकडे लोआ नाही, त्यामुळे हत्तीरोगाच्या सामूहिक औषधोपचारात आयव्हरमेक्टिन देताना ही तपासणी लागत नाही. आपले प्रश्न वेगळे आहेत: मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर झालेली इजा, गर्भाशयमुखाचा कर्करोग, बाळंतिणीचा रक्तक्षय. त्यासाठीही फोनला जोडायची उपकरणं येत आहेत, आणखी येतील. सभागृहात ग्रामपंचायतींचे सदस्य आहेत, देणगीदार मंडळंही आहेत. माझी तुम्हाला विनंती आहे: आरोग्य केंद्राला असं यंत्र देण्याआधी, ते कोणत्या तपासणीशी ताडून पाहिलंय, याचा कागद मागा, आणि यंत्राने दोष दाखवलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी कुणाकडे जाणार, त्या डॉक्टरचं नाव आधी लिहून घ्या.