जुन्या स्कूटरचा जीर्णोद्धार

कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हॅलकूर नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावी १९२२ सालच्या अखेरीस एक विलक्षण गोष्ट घडली. जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्या वडिलांनी एक मोडकी फोर्ड मोटार दिली होती. घरातील चालू वस्तू त्याने खोलून ठेवू नयेत, एवढाच त्यांचा हेतू. मुलाने त्या मोटारीचे इंजिन काढून घसरगाडीवर बसविले, मागे विमानासारखा पंखा जोडला आणि भावाला बरोबर घेऊन गावच्या बर्फावरून ती गाडी चालवून दाखविली. गाव चकित झाले. वडिलांनी मात्र ती गाडी ताबडतोब मोडावयास सांगितले, कारण तो उघडा फिरणारा पंखा कोणाच्याही अंगावर बेतला असता.

पुढे हाच मुलगा नामांकित यंत्रज्ञ झाला. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि ते मूल दगावले. त्यानंतर तीनच वर्षांनी बर्फावरून सात माणसांना नेणारी त्याची गाडी तयार झाली, आणि १९५९ साली एकदोघांनी बसावयाची ‘स्की-डू’ ही हलकी बर्फगाडी बाजारात आली. पंधराव्या वर्षीचे त्याचे धाडस आणि वडिलांची हरकत या दोन्ही गोष्टी, घरच्या घरी जुने यंत्र सुधारू पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

माळव्याच्या पठारावर बर्फ पडत नाही, तेव्हा इंदूरकरांना बर्फगाडीचे काय होय, अशी शंका कोणी घेईल. परंतु हलक्या बर्फगाडीत इंजिनाची शक्ती ज्या युक्तीने पुढे पोहोचविली जाते, तीच युक्ती असलेले एक वाहन इंदूरपासून सुमारे २५ किलोमीटरवरील पीथमपूर येथे वर्षानुवर्षे तयार होत होते. ते वाहन म्हणजे कायनेटिक होंडा स्कूटर. पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाची कायनेटिक आणि जपानची होंडा यांच्या भागीदारीतून १९८० नंतरच्या दशकात ती निघाली. ९८ घनसेंटिमीटरचे दोन-आघाती इंजिन, गियर बदलण्याची कटकट नाही, बटण दाबताच सुरू होणारी गाडी आणि तेलासाठी वेगळी टाकी, या गोष्टी त्या काळी नवलाच्या होत्या. गियरच्या स्कूटरला बिचकणाऱ्या कितीतरी स्त्रिया या गाडीमुळे प्रथम स्वतःचे वाहन चालवू लागल्या. १९९८ साली ती भागीदारी संपली, आणि पुढे काही वर्षांनी दोन-आघाती स्कूटरांचे युगही मावळले.

तरीही रामबागेत किंवा तिलकनगरात एखाद्या वाड्याच्या पडवीत अशी एखादी स्कूटर अजून उभी दिसते. असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरचा मालक गिरणीतील निवृत्त फिटर आहे. हात कसबी, परंतु मिळकत बेताची. मुलगी नोकरीला लागली आहे आणि तिला रोज जाण्यायेण्यास वाहन हवे आहे. नवी स्कूटर घेण्याची ऐपत नाही, आणि पडवीतील जुनी विकावी तर भंगाराच्या भावाने जाणार. सुट्टीच्या चार दिवसांत, सियागंजातून थोडे सामान आणून ती आपणच उभी करावी, जमल्यास तिचा वेगही थोडा वाढवावा, असे त्या गृहस्थाच्या मनात येते. हा विचार मुळीच चुकीचा नाही. प्रश्न एवढाच की, हातात असलेले मोजके रुपये प्रथम कोठे घालावयाचे.

बहुतेकांचा हात प्रथम इंजिनाकडे जातो. वास्तविक तो चाकांकडे जावयास हवा. जी गाडी नीट थांबत नाही तिला अधिक जोराने पळविणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. कायनेटिक होंडाचे दोन्ही ब्रेक ड्रमचे आहेत. चाक उतरवून ब्रेकचे लायनर किती उरले आहेत ते पाहावे, केबल आतून गंजली असेल तर ती बदलावी आणि ड्रम झिजून खोलगट झाला असेल तर त्याचा मोह धरू नये. ड्रममधील धूळ तोंडाने कधीही फुंकू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी आणि ते फडके टाकून द्यावे.

टायरच्या बाबतीत तर फसगत ठरलेलीच. गाडी उभीच होती, नक्षी शाबूत आहे, मग टायर चांगलाच असणार, असा समज होतो. रबर मात्र उभ्या गाडीचेही म्हातारे होते. टायरच्या बाजूवर चार अंकांचा शिक्का असतो. त्यातील पहिले दोन अंक वर्षातील आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३०९’ असे असेल तर तो टायर २००९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील होय. त्याच्या अंगावर बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी कितीही खोल असो, तो बदललाच पाहिजे.

चाकांनंतर पेट्रोलची वाट. वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो. या दोन्हींची सफाई घरी होऊ शकते. काम मोकळ्या हवेत करावे, आणि जवळपास चूल, दिवा किंवा विडी नसावी. पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून देशात मिळू लागले आहे. जुन्या गाडीतील रबरी नळ्या व वायसर इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात आणि झिरपू लागतात. गरम इंजिनाशेजारी पेट्रोल झिरपणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. या इंधनाला टिकेल अशी नवी नळी घालणे ही अल्प खर्चाची, परंतु अत्यंत मोलाची सुधारणा आहे.

आता तेलाचा प्रश्न. दोन-आघाती इंजिनाच्या पोटात तेलाचे वेगळे कुंड नसते. पेट्रोलच्या वाफेबरोबर जे थोडे तेल आत जाते, त्यावरच दट्ट्या आणि बेअरिंगे यांचा निभाव लागतो. या स्कूटरमध्ये एक लहानसा पंप इंजिनाच्या वेगाप्रमाणे ते तेल पुरवितो. पंप जुना झाला म्हणजे तो काढून टाकावा आणि तेल सरळ पेट्रोलमध्येच मिसळावे, असा सोपा उपाय पुष्कळजण करतात. सपाट रस्त्यावर तो निभावतोही. परंतु ओंकारेश्वराच्या वाटेवर, सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना काय होते ते पाहावे. उतारावर मूठ मिटलेली असते, म्हणजे इंजिनात पेट्रोल अगदी थोडे जाते. चाक मात्र इंजिनाला जोराने फिरवीत असते. पेट्रोल थोडे म्हणजे त्यातील तेलही थोडे, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनाला तेलाची गरज अधिक. अशा वेळी दट्ट्या अडकून बसला, तर मागचे चाक उतारावरच एकाएकी जखडण्याचा धोका असतो. म्हणून पंप दुरुस्त होत असेल तर दुरुस्तच करावा. तो काढणे भागच असेल, तर तेलाचे प्रमाण नीट मोजून घालावे आणि उतारावर अधूनमधून मूठ थोडी उघडून इंजिनाला घोटभर तेल द्यावे.

यानंतर ती बर्फगाडीची युक्ती. या स्कूटरमध्ये दोन कप्प्या आणि त्यांवरून फिरणारा एक रबरी पट्टा असतो. पुढच्या कप्पीत लहान लहान रोलर बसविलेले असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेरच्या अंगास सरकतात, कप्पीच्या दोन बाजू जवळ येतात आणि पट्टा कडेकडे चढतो. मागची कप्पी तेवढीच उघडते आणि तेथील पट्टा आत उतरतो. गियर बदलण्याचे काम असे आपोआप होते. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली याच तत्त्वावर चालणारी मोटार लोकांपुढे आणली होती. गाडी उठावयास जड झाली वा तिचा वेग घटला, तर पुष्कळदा दोष इंजिनाचा नसतो. पट्टा झिजून अरुंद झालेला असतो, किंवा रोलर एका बाजूने चपटे झालेले असतात. ठरलेल्या मापाचा नवा पट्टा आणि नवे रोलर घातले म्हणजे गाडी ओळखू येणार नाही इतकी सुधारते. वजनाने हलके रोलर घातल्यास ती चढावर अधिक हुशारीने उठते, परंतु इंजिन सदैव चढ्या वेगाने फिरून पेट्रोल अधिक पिते. रोजच्या हिशेबाने पैसे खर्चणाऱ्या घराला तो सौदा परवडत नाही.

काही सुधारणा तर केवळ सुधारणेचा भास निर्माण करतात. सायलेन्सर कापून टाकला म्हणजे आवाज वाढतो आणि शक्तीही वाढली असे वाटते. दोन-आघाती इंजिनात सायलेन्सर हा नुसता आवाज दाबणारा डबा नव्हे. त्यातून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत लोटते. तो कापला की लाट बिघडते आणि शक्ती उलट कमी होते. इंजिनावरील पत्र्याचे वा प्लॅस्टिकचे झाकणही असेच निरुपयोगी समजून काढले जाते. या इंजिनाला पंख्याच्या वाऱ्याने थंड ठेवतात, आणि तो वारा नेमका सिलिंडरवर नेण्याचे काम त्या झाकणाचेच असते. ते काढले तर वैशाखातल्या दुपारी इंजिन भाजून निघेल. मूळच्यापेक्षा फार मोठा दिवा बसविणेही बरे नव्हे. त्याने जुन्या तारा तापतात आणि दिव्याची खोबण वितळते.

कायद्याचा विचार सर्वांच्या शेवटी सुचतो. तो आरंभीच व्हावा हे बरे. मोटार वाहन कायदा १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपत्रात लिहिलेला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे तत्त्व ठामपणे सांगितले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतर खाजगी वाहनाची नोंदणी नवी करून घ्यावी लागते, आणि ती पुढे पाच वर्षे चालते. नोंदणी व विमा नसलेली गाडी कितीही छान दुरुस्त झाली तरी ती रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून पहिला पाना उचलण्यापूर्वी त्या फिटर गृहस्थाने कागदपत्रांची पेटी उघडावी. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा नवा भाग घालणे हा फेरफार नव्हे, ती दुरुस्ती होय, आणि वर सांगितलेली बहुतेक कामे याच सदरात मोडतात.

इंजिनाच्या मुख्य दांड्याची बेअरिंगे गेली असतील, किंवा सांगाड्यास तडा गेला असेल, तर मात्र घरच्या हत्यारांनी ते काम होत नाही. तेथे जाणत्या कारागिराकडे जावे, आणि त्याने गाडी रस्त्याला लायक नाही असे सांगितले तर ते ऐकावे. चार दिवसांची मेहनत वाया गेली म्हणून मुलीच्या हाती अविश्वासाचे वाहन देणे, हे कोणत्याही काटकसरीत बसत नाही.

सर्व काही जमून आले, तर पहिल्या दिवशी ती स्कूटर लांब नेऊ नये. गल्लीच्या टोकापर्यंत न्यावी, दोन्ही ब्रेक स्वतंत्रपणे दाबून पाहावे, परत आल्यावर नळ्या, नट व तेल तपासावे. असे आठ दिवस करून, डोक्यावर शिरस्त्राण घालून त्या फिटरनेच प्रथम शहराचा फेरा मारावा. त्यानंतर किल्ली मुलीच्या हाती द्यावी. व्हॅलकूरच्या त्या बापाने मुलाचा पंखा मोडावयास लावला खरा; परंतु मुलाचे कसब त्याने मोडले नाही. इंदूरच्या या बापाला पंखा मोडण्याची वेळच येऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.