गुडघ्याला वय नसतं



चाळिशी ओलांडल्यावर आपल्या गप्पांत आता गुडघे आलेत. माझे मात्र तेविसाव्या वर्षीच दुखू लागले. परभणीतून वेगळा होऊन १९९९ साली आपला हिंगोली जिल्हा नुकताच झाला होता. मोठ्या तपासणीला नांदेड गाठावं लागे. जिना उतरताना, मांडी मोडून उठताना कळ यायची. घरात कुजबुज, "बाहेर बोलू नको, स्थळं यायचीत." एक्स-रे चांगला आला, तर "मनाचे खेळ" असंही ऐकलं.

पुढे एका डॉक्टरांनी हात लावून, उठबस करायला लावून तपासलं आणि नाव सांगितलं: पटेलोफिमोरल पेन. यात बहुधा एक्स-रेत काही दिसत नाही. पण मांडीचे, नितंबाचे स्नायू कमजोर असले की वाटीवर ताण येतो. मुख्य उपाय म्हणजे नेमाने व्यायाम. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम मी तीन महिने रोज केले. मग औंढ्याला नागनाथाच्या तळगाभाऱ्यात विनासायास उतरले.

आता आपल्या लेकी त्या वयात आल्यात. त्या "दुखतंय" म्हणाल्या, तर स्थळांसाठी झाकू नका. आधी तपासून घ्या.