मार्थाच्या भाकऱ्या आणि आठचा तास

आम्ही सोलापुरातल्या बचत गटातल्या बाया. आमच्यात विड्या वळणाऱ्या आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत, आणि काही घरं ख्रिस्ती आहेत. त्यांच्या उपवासकाळाबद्दल आज बोलू.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे हे 40 दिवस. त्यात रविवार धरत नाहीत, कारण तो येशूच्या पुनरुत्थानाचा, आनंदाचा वार. या दिवसांत कुणी मटण सोडतं, कुणी चहा. यंदा दोन घरांनी रात्री 8 ते 9 फोन सोडला. नऊनंतर दुप्पट बघायचा नाही, हेही ठरलं. नाहीतर एकादशी अन् दुप्पट खाशी!

नवरा पुण्याला कामाला, त्याचा फोन आला तर? त्यावर सोपी युक्ती: फक्त नेट बंद करायचं. फोन वाजतो, रील येत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी आला. मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, मार्था कामात बुडाली आणि बहिणीची तक्रार घेऊन आली. तू फार गोष्टींची काळजी करतेस, मरीयेने चांगलं ते निवडलंय, असं येशूने तिला समजावलं. गटात ही गोष्ट निघाली की बाया मार्थाचीच बाजू घेतात. सगळ्याच ऐकत बसल्या तर भाकऱ्या कोण थापणार? आम्हालाही ते पटतं. पण मार्थाच्या धावपळीतून निदान जेवण तरी झालं. फोनवर बोट फिरवताना मन तसंच दहा ठिकाणी धावतं अन् ताटात काहीच पडत नाही. वर दुसरीचं घर, दुसरीची साडी बघून मन खट्टू होतं ते वेगळंच. पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं ते तुरुंगातून, तरी त्यात आनंदाची गोष्ट पुन्हा पुन्हा येते. त्याच्याजवळ दाखवण्यासारखं काय होतं?

विडी वळताना हात गुंतलेले, पण कान मोकळे असतात. समोर फोन लावला की हात थांबतो, हजार पुरे व्हायला रात्र होते.

पहिले दोन दिवस पोरं चिडली. मग एका घरी ‘उपासना संगीत’ बाहेर निघालं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (1861–1919) गीतं त्यात आहेत. कीर्तन-भजनाची गोडी असलेला हा माणूस, त्यामुळे गीतं आपल्या मातीतली. टाळावर म्हणता येतात. नातीला चाल येत नव्हती, आजीला अक्षर येत नव्हतं. नातीने ओळ वाचायची, आजीने चाल धरायची. आजी ताल चुकली की दोघी हसायच्या.

ईस्टर होऊन गेला, आठचा तास अजून चालू आहे. आता शेजारच्या बायाही विड्यांची सुपं घेऊन येऊन बसतात. टाळांची एक जोडी कमी पडते. ती या महिन्याच्या बैठकीत बघू.