घसा दुखत नाही, मग आवाज गेला कुठे?

आज हिशेबाच्या वह्या बाजूला ठेवूया. आज बोलायचं आहे आपल्या आवाजाबद्दल, कारण गोष्ट आमच्याच गटात घडली.

आमच्या गटात मासे विकणाऱ्या एक काकी आहेत. पहाटे मिरकरवाड्याला जाऊन माल घ्यायचा, डोक्यावर पाटी, आणि वाडीवाडीतून हाक मारत फिरायचं. एका वर्षी पावसाळा संपला आणि काकींचा आवाज बसला. आम्ही म्हटलं, हवा बदलली. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं, लवंग झाली, हळदीचं दूध झालं. त्यातली निम्मी औषधं मीच सांगितलेली. असे दोन महिने गेले. बैठकीत काकी गप्प बसायला लागल्या, तेव्हा हप्त्याची आठवण केली म्हणून रुसल्या असतील, असं मी दोघीतिघींना बोलूनही दाखवलं. त्याची मला अजून लाज वाटते. काकींनी तोंड उघडलं की नुसती हवा निघायची, चार शब्दांत धाप लागायची, पाणी पिताना ठसका लागायचा. धंदा अर्ध्यावर आला होता. हाकच ऐकू आली नाही तर भांडं घेऊन बाहेर येणार कोण?

शेवटी त्यांना घेऊन मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, "घसा स्वच्छ आहे, पण डावा स्वरतंतू हलत नाही. छातीचा फोटो काढून या." काकी माझ्याकडे बघायला लागल्या. "आवाज घशातला गेला, नि फोटो छातीचा कशाला गो?" मलाही कळलं नव्हतं. मग डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तेच तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते.

आत्ता गळ्यावर बोटं ठेवा आणि "आ" म्हणा. थरथर लागते ना? ते स्वरयंत्र. त्यात दोन मऊ पट्ट्या असतात, तेच स्वरतंतू. श्वास घेताना ते एकमेकांपासून लांब होतात, बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेने थरथरतात. बायकांचे सेकंदाला साधारण २०० वेळा, पुरुषांचे १२०च्या आसपास. घास गिळताना ते घट्ट मिटतात, म्हणून अन्न श्वासनळीत जात नाही. काकींना पाण्याचा ठसका का लागत होता ते यावरून कळेल. दार नीट लागतच नव्हतं.

हे उघडायचं-मिटायचं काम स्वरतंतू आपल्या मर्जीने करत नाहीत. हुकूम मेंदूचा, आणि तो पोचवणारा असतो मज्जातंतू. आपण त्यालाही शीरच म्हणतो, पण ही रक्ताची शीर नव्हे, निरोपाची. तिची वाट मोठी विचित्र आहे. मेंदूकडून निघून ती मानेतून खाली येते. स्वरयंत्र शेजारीच असतं, पण त्याला हलवणारी मुख्य शाखा तिथे थांबत नाही. डावीकडची सरळ छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर गळ्यात येते. उजवी मानेच्या तळाशीच वळते. जयगडच्या धक्क्यावरून समोर तवसाळ दिसतं. पण फेरीबोट नसेल तर रस्त्याने केवढा फेरा पडतो, तसंच हे. जिराफाची मान लांब, तर त्याच्यात हा वळसा कित्येक हात लांबीचा असतो म्हणे!

वाट लांब म्हणून धोकेही जास्त. थायरॉईडची गाठ, त्या गाठीचं ऑपरेशन, छातीतल्या सुजलेल्या गाठी, फुप्फुसाचा कर्करोग, यांतल्या कशानेही ही शीर दबू किंवा दुखावू शकते. घसा मात्र दिसायला ठणठणीत! हे कोडं फार जुनं आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी रोममध्ये गॅलेन नावाच्या वैद्याने लोकांसमोर किंचाळणाऱ्या डुकराच्या मानेतल्या या शिरा कापून दाखवल्या. डुक्कर धडपडत राहिलं, पण त्याचा आवाज बंद. बिचाऱ्या मुक्या जिवाचं वाईट वाटतं, पण तोवर कित्येक जण आवाज हृदयातून येतो असं मानत होते. बोलताना स्वरतंतू हलतात कसे, हे १८५४ साली मान्युएल गार्सिया या गाणं शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्याच घशात दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा धरून, त्यावर उन्हाचा कवडसा पाडून पाहिलं. हे एका गवयाला सुचलं, याची मला गंमत वाटते.

काकींच्या छातीत क्षयाच्या गाठी निघाल्या. त्या शिरेला दाबत होत्या. खोकला फारसा नव्हता, म्हणून कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सहा महिने सरकारी गोळ्या, फुकट. आशाताई दर आठवड्याला विचारून जायची.

आता मेंदूचंही थोडं. रडणं, किंचाळणं, खळखळून हसणं याचा हुकूम मेंदूच्या आतल्या, जुन्या भागातून सुटतो. जन्मलेल्या बाळाला टाहो फोडायला कुणी शिकवत नाही. बोलणं मात्र शिकावं लागतं, आणि तो हुकूम मेंदूच्या वरच्या भागातून येतो. म्हणून अर्धांगवायू झालेल्या एखाद्या आजोबांना पाणी मागता येत नाही, पण शिवी स्पष्ट येते आणि आरतीत सूर लागतो. घरचे म्हणतात, सोंग करतात. सोंग नसतं ते. तसंच एखाद्या सुनेचं. मोठा धक्का बसतो आणि आवाज जातो, ती नुसती कुजबुजते. पण खोकली तर खोकला खणखणीत. म्हणजे शीर शाबूत असते, बोलण्याच्या हुकमाची गाठ अडकलेली असते. वाचा-उपचार करणारे त्या खोकल्यातूनच हळूहळू "हं" काढून घेतात आणि "हं"मधून शब्द. तिला "नाटकी" म्हणणाऱ्या सासूबाई आज ऐकत असतील तर त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. पण घरी खोकून बघून आपणच निदान करायचं नाही, हं. आधी दुर्बिणीने तपासणी.

आवाज तीन आठवड्यांवर बसलेला राहिला, तर खडीसाखर पुरे, डॉक्टरांकडे चला. मिश्री लावणाऱ्या बायांनी तर एकही दिवस जास्त काढू नये, कारण कर्करोगाची सुरुवातही अशीच होते. श्वास घेताना आवाज येत असेल, दम कोंडत असेल, थुंकीत रक्त असेल, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठायचं. मानेत गाठ लागली तर तीही लगेच दाखवायची. शीर पुन्हा कामाला लागली नाही तरी उपाय असतात. न हलणारा स्वरतंतू इंजेक्शनने किंवा छोट्या ऑपरेशनने मध्ये आणून बसवता येतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची. तिथे वाचेच्या आणि ऐकण्याच्या तक्रारींवर काम चालतं.

काकींचा आवाज चौथ्या-पाचव्या महिन्यात परत यायला लागला. पहिल्यासारखा खणखणीत नाही, थोडा खरखरतो. पण परवा मी गटाची वही लिहीत बसले होते, तर पाखाडीच्या खालूनच कळलं, आज बांगडा आहे.